रेवदंड्याचा रिडंडंट

किहीमच्या किनाऱ्यावरच्या एका बंगल्याची राखण दत्तात्रेय वीस वर्षं करत होता. पाण्याचा पंप, कुलपं, पाहुण्यांची सरबराई, सगळं त्याच्याकडे. मागच्या आवारातली एक खोली हेच त्याचं आणि बायको सत्यवतीचं घर. शिक्षण सातवी नापास. पण इंग्रजीचं वेड असं, की मासळी बांधून आलेला इंग्रजी पेपरही तो उलगडून उन्हात वाळत घालायचा.

मालकाचा मुलगा केतनशेठ दर शनिवारी मित्रांना घेऊन मुंबईहून यायचा. त्याने हे वेड हेरलं आणि दत्तात्रेयाला आठवड्याला एक भारी शब्द शिकवायला घेतला. पहिला महिनाभर अर्थ खरे होते. मग एका पावसाळ्यात पत्ते खेळून कंटाळलेल्या मित्रांनी टूम काढली: शब्द खरा, अर्थ उलटा. ‘ऑब्नॉक्शस’ म्हणजे मनमिळाऊ, असं त्याला सांगितलं. त्याने तो वहीत लिहिला, आठवडाभर घोकला आणि पुढच्या शनिवारी केतनशेठच्या सासूबाईंना हात जोडून ऐकवला. मित्रमंडळी हसून गडाबडा लोळली. त्याला वाटलं, आपला उच्चार चुकला. म्हणून त्याने तो आणखी घोकला.

सगळ्यात लाडका शब्द ‘रिडंडंट’.

“तू रेवदंड्याचा ना?” केतनशेठ म्हणाला होता. “मग हा तुझाच शब्द. रेवदंडा, रिडंडंट. ज्याच्याशिवाय घरातलं पान हलत नाही तो.”

दत्तात्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत त्याच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. खरं म्हणजे तेव्हाही कुणी बोललं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर मालकाने बंगला एका कंपनीकडे चालवायला दिला. नोकर तीन, कंपनीला हवे होते दोन. कुणाला ठेवायचं ते ठरवायला एक साहेब आला आणि प्रत्येकाला काम विचारू लागला. गोदू म्हणाली, जेवण करते. कोंडाजी म्हणाला, झाडं बघतो. दत्तात्रेय इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झाला.

“सर, आय ॲम रिडंडंट.”

साहेबाने मान वर केली. “आर यू शुअर?”

“हंड्रेड परसेंट, सर. ट्वेंटी इयर्स रिडंडंट. आस्क केतनशेठ.”

केतनशेठ तिथेच खुर्चीत होता. एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. पण तो तोंडावर रुमाल धरून समुद्राकडे वळला आणि त्याचे खांदे हलत राहिले. साहेबही गालात हसला आणि त्याने लिहून घेतलं. माणूस आपणहून सांगतोय म्हटल्यावर त्याची डोकेदुखी मिटली होती.

आठ दिवसांनी पत्र आलं. सगळं इंग्रजीत. दत्तात्रेयाला त्यात आपलं नाव कळलं आणि तिसऱ्या ओळीत तो शब्द दिसला. छापलेला, खाली कंपनीचा शिक्का. तो तडक अलिबागला जाऊन दोन किलो पेढे घेऊन आला. मासळीवाल्या नीराबाईपासून रिक्षावाल्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही.

“कंपनीनं लिवून दिलाय,” तो सांगत सुटला. “आता मना कोन हलवतंय?”

शनिवारी मुलगी आली. प्राप्ती पनवेलला राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास करायची आणि रोज पन्नास इंग्रजी शब्द पाठ करायची. त्याने तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि हातात पत्र दिलं.

“मोठ्यानं वाच. आईला आयकू दे.”

तिने मनातच वाचलं. पेढा तोंडातच राहिला.

“बाबा, या शब्दाचा अर्थ तुला कोणी सांगितला?”

“केतनशेठनी. का गं?”

“रिडंडंट म्हणजे ज्याची गरज उरली न्हाय तो. तूच तसं सांगितलंस, म्हणून तुला काढतायत. तीस तारखेपर्यंत खोली सोडायची हाय.”

सत्यवतीने उरलेले पेढे झाकून ठेवले. दत्तात्रेय मात्र वही घेऊन आला आणि पेन्सिल काढली.

“ऑब्नॉक्शस?”

“किळसवाणा.”

त्याला सासूबाईंचा चेहरा आठवला.

“सर्व्हाइल? सेवाभावी ना?”

“लाचार, बाबा. ऱ्हाऊ दे आता.”

“इम्बेसाइल? इमानदार?”

प्राप्ती वही मिटायला गेली. वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या नावाखाली, त्याने तो शब्द लाल शाईने लिहिला होता.

“सांग.”

“मूर्ख.”

त्याने जुना अर्थ खोडला आणि नवा लिहिला. मग पुढचा शब्द विचारला. त्याने तिच्याकडून एकशे चाळीस शब्द तपासून घेतले. खरे निघाले चार.

पुढचे पंधरा दिवस किहीममध्ये जो भेटेल तो त्याचं अभिनंदन करत होता. तो मान हलवायचा. तीस तारखेला टेम्पोत गाद्या आणि भांडी चढली, तेव्हा नीराबाई टोपली घेऊन तिथे थांबली.

“दत्ताभाऊ, बढती झाली का? मोठ्या बंगल्यावर चाललात?”

“व्हय,” तो म्हणाला. तिने त्याचा पेढा खाल्ला होता.