पीठ दवाखान्यात मिळेल

आमच्या गावात सरकारी दवाखाना आहे, बाळंतपणाची खोली आहे, हे मी विहीणबाईंना फोनवर किती वेळा सांगितलं असेल. "रात्रीसुद्धा असतं का हो कुणी?" असं त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा गॅसवर दूध ठेवलंय म्हणून मी फोन बंद केला. दूध वगैरे काही नव्हतं.

माझी गंधाली सातव्या महिन्यात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे संभाजीनगरला तिच्या सासरीही मान्य आहे. अडचण एवढीच, की आमच्या दवाखान्याला संध्याकाळी कुलूप लागतं. मग तालुक्याला, परतूर गाठायचं. गेल्या हंगामात गिरिजाबाईंची सून अशीच परतूरला निघाली, जीप उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली आणि बाळ तिथंच झालं. दोघं सुखरूप आहेत. त्या पोराला गाव 'जीपवाला' म्हणतं आणि हसतं. मला हसू येत नाही. घरातले झोपले की माझ्या डोळ्यांपुढे तोच रस्ता येतो. झोप लागतच नाही, तर उषाबाईंबद्दल लिहून ठेवते. गंधाली इथे आली, तर त्यांच्यामुळे येईल. आणि आज माझं डोकंही त्यांनीच फिरवलं आहे.

उषाबाई म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई. माहेर शहागडकडचं, गोदाकाठचं; आवाज या काठावरून पलीकडच्या काठाला हाक मारावी तसा. नवरा कारभारी. काही वर्षांपूर्वी दिवे लागल्यावर त्याचा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला. उषाबाईंनी त्याला लुगड्यात गुंडाळून दवाखान्यात नेलं तर दाराला कुलूप. परतूरला पोचेपर्यंत उशीर झाला, दोन बोटं गेली. कारभारी आता म्हणतो, "बोटं गेली त्याचं काही न्हाई, पण तवापासून हिचं तोंड बंद झालं न्हाई."

खरंच झालं नाही. जो कुणी दळण घेऊन येईल त्याला उषाबाई विचारणार, "रातीचा दवाखाना पायजे का न्हाई?"

"पायजे की."

"मंग ग्रामसभेत बोलशील?"

"बोलते की बाई, जल्दी दळ."

असं म्हणत म्हणत त्यांनी गावाला वर्षभर दळलं. ग्रामसभेचा ठराव झाला, तालुक्याला खेटे झाले आणि शेवटी आरोग्य खात्याचे मोठे साहेब गावकऱ्यांचं ऐकून घ्यायला गावात यायला तयार झाले.

त्या दिवशी काय व्हावं? सत्कार! सरपंच धर्मराज यांनी मंडप घातला. साहेबांना फेटा, शाल, नारळ. डॉक्टरांना शाल. साहेबांच्या ड्रायव्हरलाही शाल. कॉलेज शिकलेली म्हणून माईक माझ्या हातात दिलेला. एक सत्कार संपला की दुसऱ्याचं नाव कागदावर तयार. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. शेवटी साहेबांनी विचारलं, "काही अडचण?" गिरिजाबाई उठल्या. आता जीपचं सांगतील म्हणून मी माईक पुढे केला. "साहेब, तुमी आलात, लई बरं वाटलं," म्हणाल्या आणि खाली बसल्या. दारी आलेल्या माणसाला वाईट कसं बोलायचं? शिवाय उद्या ताप आला तर याच डॉक्टरांकडे जायचं! चहा झाला, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी उषाबाईंनी मला गिरणीच्या दारातच अडवलं. "शाल-नारळ देऊन पाठवलं! लेक सासरी पाठवतेत तसं! आन तू, पाकिटवाल्या मॅडम, माईक तुझ्या हातात व्हता ना?" मी पाकिटातलं पीठ आणते हे त्यांनी आजवर माफ केलेलं नाही.

"उषाबाई, कागदावर सरपंचांनीच सगळं लिहून दिलं होतं," मी म्हणाले.

"मंग कागदालाच माईक द्यायचा," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात साहेब लसीकरणाची पाहणी करायला येणार होते. मंडप नाही, माईक नाही. त्या दिवशी शेतातून परतणाऱ्या बायका दळण न्यायला गिरणीवर गेल्या तर गिरणी बंद. दारावर खडूने लिहिलेलं: पीठ दवाखान्यात मिळेल.

गलका ऐकून मीही गेले. दवाखान्याच्या ओट्यावर सगळ्या गावाचे डबे मांडलेले. कारभारीने ट्रॉलीतून आणून टाकले होते. एका डब्यावर उषाबाई स्वतः बसलेल्या. साहेब दारात उभे, हा काय प्रकार आहे ते त्यांना कळेना.

"उषे, माझा डबा दे! चूल पेटवायची हाय!" गिरिजाबाई ओरडल्या.

"आधी साहेबाशी बोल. मंग ने."

"काय बोलू? डोस्कं फिरलं का तुझं?" म्हणत गिरिजाबाई तणतणत साहेबांकडे वळल्या. "ओ साहेब, तुमच्यापायी माझं पीठ अडकून राह्यलं! रातीला दवाखाना उघडा ठेवला असता तर ही बाई आमच्या मागं लागली असती का? माझी सून जीपमधी बाळंत झाली! माझ्या लुगड्याचा आडोसा करावा लागला, ट्रॅक्टरवाले बघत व्हते! कामून ठेवत न्हाई उघडा?"

मग कुणी थांबेना. अंगावर शेतातली मळकी लुगडी, घरी पोरं उपाशी, सगळ्या चिडलेल्या. लाजायला कुणाला वेळच नव्हता. विंचू, ताप, अडलेली बाळंतपणं, एकेक बाहेर पडत गेलं.

साहेब म्हणाले, "नर्स मुक्कामी राहत नसेल तर कारवाई करतो."

सगळ्या दवाखान्यातल्या एकुलत्या एक नर्सकडे, रूपाली सिस्टरकडे वळल्या. तिचा चेहरा लाल झाला. "मी राहीन सर. पण क्वार्टरच्या दाराला आतून कडी नाही, नळाला पाणी नाही. आणि दिवसभर ड्यूटी करून रोज रात्री पण मीच?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळं गाव तिला कामचुकार म्हणून मोकळं झालं होतं.

"दुसऱ्या नर्सचं पद मंजूर आहे," साहेब म्हणाले.

"मंजूर हाय तर बाई कुठं हाय?" उषाबाई.

"पद भरलेलं नाही."

"मंग नामंजूर म्हना की. बराबर कळंल आमाला." मग त्या साहेबांमागे उभ्या असलेल्या धर्मराजकडे वळल्या. "आन सरपंच, ड्रायव्हरच्या शालीला पैसे असतेत, कडीला न्हाई?"

कडी दुसऱ्याच दिवशी बसली, टाकीही आली. दुसरी नर्स मात्र तात्पुरती आणि अर्धीच मिळाली: आठवड्यातून तीन रात्री दवाखाना उघडा, चार रात्री बंद. गाव पेढे वाटायला निघालं. मी उषाबाईंना म्हणाले, "तीन रात्री कसलं यश?" तर म्हणतात, "लेकीला सांग, वार बघून कळा दे म्हनावं." या बाईला काय म्हणावं! मी इकडे रात्री मोजत बसलेली, आणि यांना गंमत सुचते.

काल विहीणबाईंना दूधबिध न सांगता खरं ते सांगितलं. त्यांनी उघड्या रात्रींचे वार विचारून घेतले. मग म्हणाल्या, "आणखी चार रात्री मिळवा. लगेच पाठवते हिला."

म्हणून आज सकाळी आयुष्यात पहिल्यांदा गव्हाचा डबा घेऊन मी गिरणीवर गेले. उषाबाईंनी दळून दिला का? नाही. दळला, झाकण घट्ट लावलं आणि मागे फळीवर ठेवून दिला.

"शनिवारी साहेब परत येणार हायत. तिथं बोल, मंग ने."

"अहो, मी तर बोलणारच आहे! म्हणूनच आले ना!"

"सगळ्या असंच म्हनतेत."

"घरात पीठ नाही, उषाबाई."

"पाकीट आन की," कारभारी आतून म्हणाला.

पाकीट काही आणलं नाही. भात लावला. शनिवारपर्यंत घरात भातच.