टेकाडावरचा निळा फलक

सन १९७९, जेठाचं ऊन. त्या महिन्यात मी पवनी तालुक्यातल्या एका टेकाडावर सरकारी चौकीदार लागलो. टेकाडात फार जुन्या काळच्या विटा आहेत, म्हणून पुरातत्त्व खात्यानं ते राखायचं ठरवलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. पण खात्याच्या हुशारीचे इतके किस्से माझ्याजवळ साचलेत, की कोणा शिकलेल्यानं सांगितले असते तर थापा वाटल्या असत्या.

पहिल्याच आठवड्यात निळा फलक आला. 'येथे खोदकाम करण्यास सक्त मनाई आहे.' तो रोवायला टेकाडातच कमरेइतका खड्डा खोदला. निघालेल्या विटा फोडून खांबाभोवती ठोकल्या.

मग तारेचं कुंपण. तीन बाजू झाल्या आणि मंजुरी संपली. चौथी बाजू उघडी, पण फाटकाला कुलूप. बकऱ्या उघड्या बाजूनं येत. खात्याचे साहेब तपासणीला आले की फाटकाशी उभे राहून किल्लीसाठी मला हाका मारीत.

एकदा साहेबांनी गाव जमवून भाषण दिलं, हा वारसा तुमचाच आहे. टेकाडावर शेण्या वाळवते म्हणून सगुणाबाईला त्यांनी आदल्याच दिवशी हाकललं होतं. ती उठून म्हणाली, "आमचा हाय, त मंग आमालेच काहून हाकलता जी?"

साहेब पाणी प्यायले.

टेकाडाला लागून गोमाजीचं घर. तिथं परवानगीशिवाय काहीही बांधायला बंदी. पावसाळ्यात त्याची मातीची भिंत पडली. त्यानं अर्ज केला. दसऱ्याला उत्तर आलं, 'सध्याच्या भिंतीचा फोटो जोडावा.'

गोमाजी मला म्हणाला, "भितच नाही, त फोटो का पावसाच्या पान्याचा काढू?"

त्याच पावसाळ्यात मला टेकाडावर साप चावला होता. गोमाजीच्या धानाच्या बांधीत रोवण्याच्या, म्हणजे रोपं लावायच्या, बाया उभ्या होत्या. त्यांना तसंच सोडून त्यानं मला बैलबंडीत टाकलं आणि पवनीचा दवाखाना गाठला. मी वाचलो. खात्यानं त्या दिवसाची माझी गैरहजेरी लावली.

थंडी पडू लागली. गोमाजीच्या घरात म्हातारी आई, लहान लेकरं, आणि एका बाजूला भिंतीऐवजी नुसता बांबूचा तट्टा. शेवटी त्यानं परवानगीची वाट न पाहता भिंत घालायला घेतली. ती उभी होईपर्यंत मी टेकाडाच्या पलीकडच्या बाजूनं पहारा दिला.

भिंत वाळली नाही तोच साहेबांची जीप आली. नवं बांधकाम दिसलं तर पाडायचा हुकूम होता. गोमाजी दारात उभा, तोंडाचं पाणी पळालेलं. साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवून मला विचारलं, "ही कधीची?"

"जुनी आहे साहेब. टेकाडाइतकीच."

साहेबांनी छडी टेकवली. ओल्या मातीचा गोळा बुटावर पडला. त्यांनी बूट झटकला आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा, प्राचीन भिंत. संरक्षित." मग गोमाजीला दम भरला, "हिला हात लावशील तर जेलमध्ये जाशील. पाडायची नाही."

"नाही पाडत जी," गोमाजी म्हणाला.

जीप गेली. गोमाजी हात जोडून माझ्याकडे आला. मी त्याचे हात खाली केले.

"फिटलं," मी म्हणालो.