वाफेकाका गळती शोधतात

वाफेकाकांनी पुन्हा वाफ बंद केली.

वर इस्त्रीखात्यात एकच ओरड झाली. गरम रुळांमधून चाललेली चादर अर्ध्यावर थंड पडली की तिला सुरकुत्या पडतात. मग ती परत धुवावी लागते. रुग्णालयांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. तळघरात बॉयलर, आणि बॉयलरपाशी वाफेकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं.

सुपरवायझर धाडधाड पायऱ्या उतरून आला.

"काका, कुठंय गळती?"

"फुसफुस होतेय. ऐका ना."

त्याने ऐकलं. "तो पंप आहे हो. तो जन्मापासून फुसफुसतोय."

वरून घडी घालणारा ओरडला, "जपून बोला रे! कुणी सुस्कारा सोडला तरी काका वाफ तोडतात!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. सुपरवायझरने आवाज खाली आणला.

"तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो. आता एकदा जरी विनाकारण बंद केलीत, तर तुम्ही घडीच्या टेबलावर. बॉयलरला मी दुसरा माणूस बघतो."

काका पूर्वी असे नव्हते. त्यांच्या कानांच्या भरवशावर सगळी लाँड्री निर्धास्त असायची. मग हिवाळ्यात वरच्या पाइपाचा एक सांधा उडाला. इस्त्रीवाल्या ताईचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. सांधा उडण्याआधी फुसफुसतो. काका खालीच होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं.

घरी कुकर फुसफुसला की ते ताडकन उठून गॅस बंद करायचे. "कधीपासून अर्धकच्चे बटाटे खातोय आम्ही," बायको म्हणाली. "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, कबूल. हे साधं पाणीसुद्धा फुंकतात."

रविवारी लेक त्यांना बसने फिरायला घेऊन गेली. गावाबाहेर एक तलाव होता, तलावामागे जंगल.

"बाबा, आज काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"हे कसलं गं काम?"

लेक हसली. आठवडाभराची दमलेली, गवतावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. काका पाण्याकडे बघत बसले. उद्याचा बॉयलर डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात आवाज आला. बारीक, लांबट, न तुटणारा. फुसऽऽऽ.

काकांनी मान वळवली. ते उठले. आवाज झाडांमागून येत होता.

वाफेची बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही. हाताने चाचपावी तर हात जातो. म्हणून बॉयलरवाले काठीच्या टोकाला फडकं बांधतात आणि काठी पुढे धरून चालतात. फडकं हललं की गळती तिथे. काकांनी एक वाळकी फांदी उचलली. तिला पांढरा रुमाल बांधला. फांदी पुढे धरून ते जंगलात शिरले.

समोरून फिरायला आलेलं एक जोडपं थबकलं.

"शरण आलात की काय कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

"मागे व्हा," काका म्हणाले. "इथून पुढे येऊ नका."

त्यांचा चेहरा बघून ते दोघं खरंच मागे झाले. बायको कुजबुजली, "चल रे, काहीतरी असेल." जोडपं भराभरा निघून गेलं.

रुमाल हलला. काका थांबले. डावीकडे वळले. तिथेही हलला. उजवीकडे वळले. तिथेही. प्रत्येक झाडापाशी रुमाल फडफडत होता. म्हणजे सगळीकडेच गळत होतं. काकांचा श्वास चढला. सदरा पाठीला चिकटला. आवाज वाढत गेला, आणि ते धावायला लागले.

सुईसारख्या पानांची उंच झाडं लागली. आवाज आता थेट डोक्यावर होता. काकांनी फांदी टाकली. दोन्ही हात वर करून हवेत व्हॉल्व्ह धरला आणि जोर लावून फिरवला.

हातात काही आलं नाही.

आवाज चालूच राहिला.

त्यांनी वर पाहिलं. झाडांचे शेंडे हलत होते. वारा पडला, आवाज उतरला. वारा उठला, आवाज चढला. इथे बंद करण्यासारखं काही नव्हतं. उघडं ठेवण्यासारखंही नव्हतं. कुणी भाजणार नव्हतं. काका वाळक्या पानांवर बसले.

बसल्यावर पहिल्यांदा स्वतःच्याच छातीतले ठोके ऐकू आले. मग ते मागे पडले. वाऱ्याखाली एक पक्षी होता, तो इतका वेळ बोलतच असणार. त्याच्याही खाली कुठेतरी पाणी. फुसफुस या सगळ्यांत होती. एकटी नव्हती. जबडा सैल झाला, तेव्हा काकांना कळलं की दात आवळलेले होते.

"बाबा!" लेक धापा टाकत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "किती शोधलं! जीव घेता का माझा?"

"गळती नाहीये," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

"वारा आहे. बस जरा."

ती रडत रडत त्यांच्याशेजारी बसली. 

सोमवारी काकांनी बॉयलर पेटवला. दाब चढला. आणि फुसफुस आली.

हात आपोआप व्हॉल्व्हवर गेला. वर ताई होती. हात नुकता बरा झालेला, आजच कामावर आलेली. बंद केली तर घडीचं टेबल. नाही केली आणि चुकलं, तर तिचा दुसरा हात.  काकांची बोटं व्हॉल्व्हवर वळली.

त्यांनी फिरवलं नाही. डोळे मिटले आणि थांबले. आधी पंप ऐकू आला. मग पाइपातलं पाणी. मग वरच्या यंत्राचा पट्टा. फुसफुस पंपाबरोबर चढत होती, पंपाबरोबर उतरत होती. एकटी नव्हती. काकांनी काठी घेतली, वरपर्यंत जाऊन प्रत्येक सांध्यापुढे फडकं धरलं. फडकं सरळ लोंबत राहिलं. ते खाली उतरले. खात्री मात्र वाटेना. ती बहुधा पुन्हा कधीच वाटणार नव्हती.

"काका," वरून ताईची हाक आली. आवाज जरासा कापरा. "टाकू का चादर?"

काकांनी व्हॉल्व्हवरचा हात काढला.

"टाक गं."

ओली चादर रुळावर गेली आणि फुसफुसली. काका उभे राहून ऐकत राहिले.