कादंबरीत नसलेलं वाक्य

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढायचो. धुळ्याच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. दृष्ट, अंगारे-धुपारे... घरात काही म्हणजे काही चालू दिलं नाही. तरी हे लिहितोय, कारण आता पोटात ठेवणं जड झालंय.

८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. आमचा फिल्म क्लब होता. त्या वर्षी फ्रेंच कादंबऱ्यांवरचे तीन सिनेमे मागवले होते. दर रविवारी सकाळी दहाला, कॉलेजच्या हॉलमध्ये. तिसऱ्याची रिळं आली ती सबटायटलशिवाय! आता धुळ्यात फ्रेंच कोणाच्या बापाला येतंय? पण मूळ कादंबरी मी इंग्रजीतून दोनदा वाचली होती. म्हटलं, माइक द्या इकडे, मी मराठीत सांगतो. सिनेमा पाहिलेला नव्हता, पण ऐट केवढी!

तासभर झकास चाललं. मग सिनेमा कादंबरी सोडून भलतीकडेच निघाला. पुस्तकातला म्हातारा जमीनदार अंथरुणावर, लेकरांच्या गराड्यात मरतो. पडद्यावरचा मात्र एकटाच द्राक्षाच्या मळ्यात शिरला आणि ओळींमध्ये कोसळला. मी गडबडलो. काहीतरी बोलून वेळ मारून नेली – निदान मला तसं वाटलं. हॉलमध्ये खसखस पिकली.

रीळ बदलताना क्लबचे सेक्रेटरी देवरे सर जवळ आले. फिजिक्सचा माणूस, उगाच बोलणारा नाही. त्यांनी विचारलं, मधेच अहिराणी का बोललात? मी म्हटलं, छे, मी कशाला माइकवर अहिराणी बोलू?

"तुम्ही म्हणालात, 'मी केळीसमा पडेल शे, भाऊ. लवकर ये.' म्हणजे, केळींमध्ये पडलोय."

देवरेंनाही ठाऊक होतं: चोपड्याजवळ आमची केळीची बाग. माझे वडील, आबा, रोज सकाळी तिथे एकटे जायचे. मला ते भाऊ म्हणायचे. गावात आमच्याकडे फोन नव्हता. देवरे म्हणाले, माझी मोटरसायकल आहे, निघू या. आणि मी... मी त्यांच्यावर खेकसलो. फिजिक्स शिकवता आणि असलं बोलता? उरलेला सिनेमा पूर्ण केला. पाऊण तास. तोंड चालू होतं, जीव थाऱ्यावर नव्हता, पण उठलो नाही. लोकांसमोर उठायची लाज वाटली मला.

सिनेमा संपल्यावर मात्र राहवेना. देवरेंच्या मागे बसून अमळनेरमार्गे गाव गाठेपर्यंत दोन वाजून गेले. आई म्हणाली, आबा अजून जेवायला आले नाहीत, येतीलच, तुम्ही चहा घ्या. मी तसाच बागेकडे पळालो. आबा केळीच्या दोन ओळींमध्ये पडले होते. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं. डोळे उघडे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

जळगावला नेलं, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचा कदाचित परत आली असती. आबा पुढे सहा वर्षं जगले. एक शब्द बोलले नाहीत.

शेजारच्या वावरात त्या दिवशी दोन गडी होते, त्यांनी कसलीच हाक ऐकली नाही. हॉलमधल्या चार-पाच जणांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. सगळे तेच वाक्य सांगतात. योगायोग म्हणायला मन धजत नाही, आणि दुसरं काय म्हणावं ते मला आजही कळत नाही. आबांचे शेवटचे शब्द सगळ्या हॉलने ऐकले. बोललो मीच... आणि ऐकले नाहीत तेही मीच.