देव्हाऱ्यामागचा फारकतीचा कागद

आत्ताच कोर्टातून घरी आले. चहा बाजूला ठेवून आधी तुम्हाला सांगते.

चार वर्षांपूर्वी माझा संसार मोडला, तेव्हा नेरळजवळच्या आमच्या गावात पंच बसले. त्यांनी स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली. पाच पंचांनी सह्या केल्या, माझ्या जागी बाबांनी केली. आईने तो कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला. आम्हाला वाटलं, सुटलो!

गेल्या वर्षी मला स्थळ आलं. कर्जतच्या वकीलबाईंना तो कागद दाखवला, तर म्हणाल्या, "हा कोर्टात टिकणार नाही. कायद्याने तू अजून त्याचीच बायको आहेस. दुसरं लग्न केलंस तर गुन्हा होईल."

भीत भीत नवऱ्याला फोन केला, तर तोही हादरला. "माझं पण लग्न ठरतंय गं! पंच तर बोललेले, मोकळे झालात."

मग दोघांनी मिळून परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला.

आज शेवटची तारीख. जजसाहेबांनी थेट मला विचारलं, "हा घटस्फोट तुमच्या मर्जीने घेताय ना?"

"हो," म्हणाले आणि तिथेच रडू फुटलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आता तरी पक्की मोकळी झालीस ना गं?"

"झाले गं आई. पक्की."

असा कागद तुमच्या घरात असेल तर आधी वकिलाला दाखवा. आणि एक सांगा, तो लिहिताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का?