संडासापुढचा नारळ

लढाईच्या दिवसांत आम्ही नगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या अंगणात गल्लीला लागून टोपलीचा संडास होता. दोन पायांना दोन फरश्या, मधे फट, खाली टोपली. एके सकाळी डावी फरशी तडकलेली दिसली.

सासूबाईंचा एक पाय लुळा होता. मी लोटा घेऊन माळावर गेले असते, त्यांना कुठं नेणार? संडास गेला की त्यांची रवानगी गावी थोरल्या जावेकडे. तिथं त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

गळकं छप्पर दाखवायला बोलावलं तरी न येणारे घरमालक त्या दिवशी न बोलावता आले.

"वहिनी, डागडुजीत अर्थ नाही. पाडून टाकू, नवा झकास बांधून देतो."

"फरशी एकच फुटलीय. भिंतींना काय झालंय?"

"आतून पोकळ झाल्यात."

"तुम्ही कधी आत बसलात?"

आमचे हे खाकरले. मालक गेल्यावर मला म्हणाले, "अगं, नवा मिळतोय फुकटात, तुझं काय जातं?"

"फुकटात देतोय म्हणूनच."

फरशी मालकांनीच पहारीनं फोडली असावी, असंही मला वाटलं. पुरावा नव्हता. अजूनही नाही. पण वाटतं.

मी होय-नाही करत राहिले. दोन-चार दिवसांनी सासूबाईंना धरून संडासाकडे नेत होते, तर दारापुढं पाया आखल्यासारखी फक्कीची रेघ मारलेली. कोपऱ्यात हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि नुकताच फोडलेला नारळ.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. "काय गं, संडासाची पूजा कधीपासून करायला लागले?"

घराला, दुकानाला, विहिरीला नारळ फोडतात. संडासाला कुणी फोडत नाही. आणि गल्लीला लागलेली जागा म्हणजे दुकानच. मी तशीच मालकांच्या दारात गेले.

"दुकान कसलं घालताय?"

"दुकान? कोण म्हणालं?"

"तुमचा नारळ."

ते ओशाळं हसले. "बायकांना सगळ्यात डाव दिसतो. अहो, दुकानामागं संडासही होईल की."

"कधी?"

"होईल."

एवढं ऐकलं आणि माझं ठरलं. अंगणात माझी धुणं धुवायची फरशी होती, जाड आणि चांगली. यांना म्हटलं, "धरा एका बाजूनं." कुरकुरत धरली. तडकलेली काढून ही चुन्यात बसवली.

मालक लांबून ओरडले, "चांगली धुण्याची फरशी बाटवलीत, वहिनी!"

"पुन्हा धुण्याला यायची नाही. तुमच्या दुकानाच्या पायरीलाही नाही."

चुना वाळल्यावर आधी मीच उभी राहून पाहिलं, मग सासूबाईंना आत सोडलं. आतून त्या म्हणाल्या, "हलत नाही गं." तरी पुढं कितीतरी दिवस त्यांना नेण्याआधी मी त्या फरशीवर पाय आपटून बघायची. मग बाहेरून गल्लीत जाऊन, टोपली काढायची झडप उघडून, नाक दाबून खालूनही बघायची.