तीन महिन्यांच्या चपात्या

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आम्ही दोघी चपात्या करायचो. मी, आणि आमच्या गावाच्या वरच्या वाडीतली एक मावशी. नात्याची नव्हती, पण पहिल्या दिवशी माझा हात भाजला तेव्हा तिनं माझ्या वाटच्याही चपात्या लाटल्या, तेव्हापासून मावशीच. ठेकेदाराचा टेम्पो सकाळी सहाला आम्हांला घोटावड्याच्या फाट्यावरून घ्यायचा.

गणपती उठल्यावर एका सोमवारी टेम्पो आलाच नाही. तीन महिन्यांचा पगार थकला होता. ठेकेदाराचा फोन बंद. आम्ही बसनं कंपनीच्या गेटवर गेलो. रोज आमच्या हातच्या चपात्या खाणारा वॉचमन खाली मान घालून म्हणाला, "ठेका बदलला, ताई. आत नाही सोडता येणार." बऱ्याच वेळानं एक साहेब खाली आले. "आम्ही ठेकेदाराचं बिल चुकतं केलंय. पगार त्यांनी द्यायचा," एवढं नीट सांगून परत वर गेले.

ठेकेदाराचं ऑफिस बावधनला. तिसऱ्या खेपेला तो सापडला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "माझेच पैसे अडकलेत, ताई. तुम्ही तर घरच्याच."

"च्या नगं," मावशी म्हणाली. "पगार दे."

तो हसला.

मग कुणी सांगितलं म्हणून पुण्यात कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हजेरीचा कागद आहे? पगाराची पावती? बँकेत जमा व्हायचा का?" पगार पाकिटातून हातात मिळायचा. गेटचा पास संध्याकाळी तिथंच जमा करायचा. आमच्याकडे काहीच नव्हतं. तरी बाईंनी अर्ज लिहून घेतला, ठेकेदाराला नोटीस काढली. पहिल्या तारखेला तो आला नाही. दुसऱ्या तारखेलाही नाही. दर तारखेला आमची शेतावरची मजुरी बुडायची, वर बसचं भाडं.

तिसऱ्या तारखेच्या आधी त्याचा माणूस माझ्या घरी आला. हिंजवडीजवळ माण गावात त्यांचं नवं कॅन्टीन सुरू होणार होतं. "दोघींना कामावर घेतो. फक्त यावर सह्या करा." मी मावशीला बोलावून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय गं?"

"मागचा पगार मिळाला, आता कायबी येणं न्हाई, आसं हाय."

"मिळाला?"

"न्हाई."

"मंग माजा आंगठा न्हाई," ती म्हणाली आणि उठली.

मी सही केली. नवऱ्याचं काम सुटलं होतं, मुलीची फी राहिली होती. ही कारणं खरी आहेत. पण मावशी दारात चपला घालत होती, तेव्हा त्यातलं एकही मला बोलता आलं नाही. तिनंही विचारलं नाही.

पुण्यात बस कुठं बदलायची, कुठल्या मजल्यावर जायचं, हे सगळं मीच पाट्या वाचून सांगायचे. आता तिला एकटीनं जायचं होतं. नव्या कामावरून एक दिवस सुट्टी घेऊन तिच्याबरोबर जावं, असं मी दर आठवड्याला ठरवायचे. सुट्टी मागितली मात्र कधीच नाही.

उन्हाळ्यात ती पौडच्या बाजारात दिसली. करवंदं घेऊन बसली होती. मला बघून तिनं कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. "कवाचा आलाय. वाडीत कुनाला धड वाचता येईना. बघ बरं."

मी उभ्याउभ्याच वाचला. अर्जदार तारखांना हजर राहिली नाही, म्हणून अर्ज निकाली काढला होता.

"मंजी?"

"मंजी संपलं, मावशे. आता काय मिळायचं न्हाई."

"मी गेलते एकदा," ती म्हणाली. "त्यो मजला घावलाच न्हाई."

तिनं कागद घेतला, होती तशीच घडी घातली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. ती पानात करवंदं भरायला लागली.  बसची वेळ झाली म्हणून मी निघाले.